वर्गात शिकावे की घरी? संगणक प्रमाणपत्र आणि टंकलेखन यांचा माझा अनुभव

पतीच्या निधनानंतर मला अनुकंपा तत्त्वावर जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून नियुक्ती मिळाली. संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र आणि मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा, या दोन्ही गोष्टी दोन वर्षांत पूर्ण कराव्यात, अशी अट नियुक्तीपत्रात होती. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, घरी शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई होत्या, आणि संगणकाशी माझा संबंध मुलाच्या प्रकल्पाची पाने छापून आणण्यापुरताच आलेला होता.

आमच्याकडे संगणकाचे प्रमाणपत्र म्हटले की सगळे एमएस-सीआयटी असेच समजतात. मलाही कार्यालयात प्रत्येकाने जवळच्या केंद्रात नाव घालण्याचा सल्ला दिला. मात्र शासनाचा 4 फेब्रुवारी 2013 चा निर्णय वाचल्यावर लक्षात आले की एमएस-सीआयटीप्रमाणेच केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची (पूर्वीची डोएक) सीसीसी (कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स) ही मूलभूत संगणकज्ञानाची परीक्षाही ग्राह्य धरली जाते. या परीक्षेला कोणत्याही संस्थेत प्रवेश न घेता थेट अर्ज करता येतो, आणि मी अर्ज केला तेव्हा परीक्षा शुल्क 500 रुपये अधिक जीएसटी एवढेच होते. त्यामुळे घरी शिकण्याचा पर्याय माझ्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला.

तरीही मी आधी केंद्र पाहून आले. तिथले सर अत्यंत आपुलकीने बोलले आणि माझ्या वयाच्या दोन भगिनी तिथे शिकतही होत्या. मात्र केंद्रातली सायंकाळची तुकडी सहा वाजता सुरू होई, आणि माझी बस कार्यालयाच्या गावाहून साडेसहाला पोहोचत असे. सकाळच्या तुकडीची वेळ म्हणजे मुलांच्या डब्यांची वेळ. प्रौढ माणसाने वर्ग निवडताना शिक्षक कसे आहेत हे पाहावेच, पण त्याआधी आपण त्या वेळेला आठवड्यातून किती दिवस खरोखर पोहोचू शकतो, याचा प्रामाणिक हिशेब करावा, असे माझे ठाम मत आहे.

सीसीसीचा अभ्यासक्रम 80 तासांचा आहे आणि त्यांपैकी बरेचसे तास प्रात्यक्षिकाचे आहेत. हे वाचल्यावर केवळ मोबाइलवर व्हिडिओ पाहून अभ्यास होईल, ही कल्पना मी सोडून दिली. भावाने कार्यालयातून निर्लेखित झालेला, म्हणजे वापरातून काढून टाकलेला, एक जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळवून दिला आणि त्यावर लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर बसवून दिले. सीसीसीच्या अभ्यासक्रमातही त्यातले रायटर (मजकूर लिहिण्यासाठी), कॅल्क (आकडेमोडीच्या तक्त्यांसाठी) आणि इम्प्रेस (सादरीकरणासाठी) हेच आहेत. शिकण्यासाठी मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ वापरले. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ, निवेदन मराठीत आणि पडद्यावर मात्र प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि उरलेल्या अर्ध्यावर आपले काम ठेवावे, पाठ थांबवून तीच कृती स्वतः करावी, ही त्यांची पद्धत मला फार मानवली. कॅल्कमध्ये सूत्र दुसऱ्या रकान्यात उतरवताना कक्षाचा (तक्त्यातल्या चौकटीचा) पत्ता का बदलतो आणि डॉलरचे चिन्ह लावल्यावर तो स्थिर का राहतो, हे मला कितीतरी वेळा ऐकावे लागले. घरी ते हवे तितक्या वेळा ऐकता आले, आणि कोणाचा खोळंबा होत नाही ना, याचा संकोचही वाटला नाही.

घरी शिकण्यातली खरी अडचण वेगळीच होती. बाई घरात बसलेली दिसली की ती मोकळी आहे, असे सगळेच गृहीत धरतात. दार वाजते, दूधवाला येतो, मुलांना वह्या सापडत नाहीत. यावर उपाय सासूबाईंनी काढला. रात्री जेवणे झाल्यावर त्या मुलांना घेऊन बाहेरच्या खोलीत बसत आणि मला म्हणत, ‘सूनबाई, तू आत जा, इथलं मी बघते.’ ज्या घरात अशी सोबत मिळण्याची शक्यता नाही, तिथल्या भगिनीने थोडा खर्च सोसूनही वर्गच लावावा. कारण वर्गाच्या शुल्कात शिकवण्याइतकीच, घराबाहेरची एक राखीव वेळही मिळते.

टंकलेखनाचा निर्णय मात्र मी अगदी उलट घेतला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी मी मान्यताप्राप्त संस्थेत नाव घातले आणि त्यासाठी रविवार व सुट्ट्यांचे दिवस राखून ठेवले. कार्यालयात आम्ही युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरप्रणालीत) इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळफलकावर लिहितो, म्हणून प्रवेशापूर्वीच तिथे कोणता कळफलक शिकवतात, हे विचारून घेतले. रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टंकयंत्राच्या कळफलकाच्या, सवयीची बोटे इन्स्क्रिप्टवर पुन्हा पहिल्यापासून वळवावी लागतात. इन्स्क्रिप्टची रचना समजायला सोपी आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. पण समजणे वेगळे आणि न पाहता बोट तिथे जाणे वेगळे. माझी करंगळी उचललेली राहते आणि तिचे काम अनामिका करते, हे मला घरी कधीच कळले नसते. मॅडम मागे उभ्या राहून नुसत्या ‘काकू, करंगळी’ एवढेच म्हणत. हाताला लागलेली चुकीची सवय दाखवून द्यायला दुसऱ्या माणसाची नजरच लागते, आणि गतीचा उतारा घड्याळ लावून टंकित करताना आजूबाजूच्या कळांचा आवाज सहन करण्याचा सरावही वर्गातच होतो.

सीसीसीची परीक्षा 90 मिनिटांत 100 वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते. नमुना प्रश्न मी घरी वेळ लावून सोडवले होते, त्यामुळे केंद्रावर गडबड झाली नाही. टंकलेखनाचा निकाल त्यानंतर लागला. दोन्ही प्रमाणपत्रे मुदतीत आस्थापना शाखेत सादर केली आणि सेवापुस्तकात नोंद झाली. आता कॅल्कमधील पिव्होट तक्ते, म्हणजे मोठ्या माहितीचा गटवार गोषवारा काढणारे तक्ते, शिकते आहे. त्यासाठी वर्ग लावण्याची गरज मला वाटत नाही.