साहेबाला "का?" विचारायची सोय

सुट्टीत जालन्याला आले की पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा ठरलेला: "साहेब कसाय गं तिकडचा? ओरडतो का?"

ओरडत नाही. पण तिकडची माणसंच मुळात सभ्य, असं जे गावाकडं धरून चालतात त्यात काही दम नाही. मी राहते त्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये खडूस माणसं भरपूर आहेत, आणि डच माणूस तोंडावर जे सुनावतो ते ऐकून आपल्याकडं भावकीत बोलणं बंद होईल. खरी गंमत इथल्या बैठकीत आहे.

आमची टीम सॉफ्टवेअरचं काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत करते, त्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट संपला की तासभर रेट्रो. काम करताना कुठं अडलं, कशामुळं अडलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत काय बदलून बघायचं, एवढंच तिथं बोलायचं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, बदलत पुढं जायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या १२ तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व हेच सांगतं, की टीमनं ठरावीक काळानं थांबून आपल्या कामाकडं बघावं आणि त्याप्रमाणं वागणं सुधारावं. अशा बैठकांवर पुस्तक लिहिणाऱ्या नॉर्म कर्थ यांनी त्यांना एक नियम घालून दिला: त्या वेळी जे ठाऊक होतं आणि जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकानं आपल्या परीनं चांगलंच काम केलं, असं धरूनच बोलायला बसायचं.

वाचायला हे कीर्तनातल्या उपदेशासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

आमच्या टीममध्ये अंबाजोगाईचा एक पोरगा आहे. एका एजन्सीमार्फत लागलाय, घरूनच काम करतो, लाइट गेली की इन्व्हर्टरवर. कोड उत्तम लिहितो, पण रेट्रोत तोंड उघडायचा नाही. बैठक संपली की मला मेसेज यायचा, "ताई, बोलायचं होतं, पण सगळ्यांसमोर सरांना कसं म्हणायचं?" सर म्हणजे आमचा टेक लीड, टीमच्या तांत्रिक कामाचा प्रमुख, पन्नाशीचा डच माणूस. मला नावानं हाक मार, असं त्यानं कितीदा सांगितलं, पण पोरगं आता नाव घेऊन पुढं 'सर' लावतं.

मग आम्ही रीत थोडी बदलली. पहिली पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. ऑनलाइन बोर्डवर सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या, नाव न टाकता. त्या दिवशी एक चिठ्ठी आली: "रिव्ह्यूमध्ये नुसतं 'असं नको' लिहिलेलं असतं. का नको ते कळत नाही, मग दिवस अंदाज बांधण्यात जातो." रिव्ह्यू म्हणजे लिहिलेला कोड तपासून शेरे देणं, आणि ते कोण करतो ते सगळ्यांना माहीत. मी लीडच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, स्क्रीनवर स्वतःचे जुने शेरे उघडले, तीन-चार वाचून दाखवले आणि म्हणाला, "हे मलाही आज कळत नाहीये." ठरलं असं, की दोन आठवडे प्रत्येक शेऱ्याखाली एक ओळ कारण लिहायचं. पुढच्या रेट्रोची सुरुवात, हे केलं की नाही, इथूनच झाली. माझ्या मते सगळा जीव या शेवटच्या गोष्टीत आहे. आधी ठरलेलं तपासायचं नसेल तर चिठ्ठ्यांचे रंग ठरवणं न् अडचणी मांडायला जहाजाची चित्रं काढणं हा निव्वळ टाइमपास आहे, आणि तो अजाइलवाल्यांत बराच चालतो.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. म्हणाला, "मग त्यात नवीन काय? आमच्या लाइनवर कायझेन शीट असतेच की, कामगारानं सुधारणा सुचवायचा कागद." त्याचंही बरोबर आहे. यातलं पुष्कळ जपानी कारखान्यांतूनच आलंय. टोयोटाच्या लाइनवर साध्या कामगारालाही दोरी ओढून अडचण कळवता येते. टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. टोयोटानं आपल्या कामाच्या पद्धतीचे दोन खांब लिहून काढले तेही २००१ मध्येच: सतत सुधारणा आणि माणसांचा आदर.

दादाच्या लाइनवर एका ऑपरेटरनं सुचवलं म्हणून नटांचा ट्रे कमरेच्या उंचीवर आणला, दिवसभराचं वाकणं वाचलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, बोर्डवर कौतुक. "पण महिन्याअखेरीला शीटचं टार्गेट असतं," दादा म्हणाला, "मग काहीबाही लिहून भरतात. आणि कंत्राटी पोरगं कशाला बोलेल सुपरवायझरच्या विरोधात? उद्या गेटवरून परत पाठवतील."

मला इथं थांबावं लागलं. नेदरलँड्समध्ये कायम नोकरीतल्या माणसाला कंपनी मनात आलं म्हणून काढू शकत नाही. त्याची संमती नसेल तर सहसा सरकारी संस्थेची परवानगी किंवा न्यायालयाचा निकाल लागतो. आमच्या लीडशी डच सहकारी वाद घालतात त्यात हिंमत आहेच, पण पाठीशी कायदाही आहे. स्क्रम म्हणजे स्प्रिंट आणि रेट्रो ज्यात येतात ती अजाइलची रीत; तिच्या पाच मूल्यांत धैर्य आणि आदर दोन्ही आहेत. नोकरीची हमी त्यात नाही, ती ज्याची त्यानं बघायची.

अंबाजोगाईच्या पोराला यातलं काहीच लागू नाही. त्याचं वर्षाचं मूल्यमापन एजन्सी करते आणि आमच्या रेट्रोच्या नोंदी तिच्या मॅनेजरलाही दिसतात, हे मला दादाशी बोलल्यावर सुचलं. गेल्या रेट्रोत मी याचीच चिठ्ठी टाकली. आता नोंदींमध्ये कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही, फक्त काय ठरलं तेवढं, आणि एजन्सीला त्या फोल्डरचा प्रवेश बंद. लीडनं आयटीवाल्यांना विनंती पाठवलीय. झालं की नाही ते पुढच्या गुरुवारी पहिल्यांदा बघायचं, आणि बैठक चालवायची पाळी त्या पोराचीच आहे.