एरी आली आणि परत गेली

गुरुवार हा पुण्यात वीज जाण्याचा हक्काचा वार. परवाच्या गुरुवारी दुपारी ती गेली, डोक्यावरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, आणि त्याच्या घरघरीखाली एरवी दबून जाणारे वरच्या मजल्यावरचे गाणे एकदम स्वच्छ ऐकू येऊ लागले. वरच्या ताई घरीच गाण्याचा वर्ग घेतात. मोबाइलमधला तंबोरा काळी पाचच्या पट्टीत चालू होता आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी यमनमधली बंदिश घोटत होती, ‘एरी आली पिया बिन, सखी कल न परत मोहे घरी पल छिन दिन’. ‘छिन’पाशी तिची लय दर वेळी निसटत होती आणि ताई दर वेळी शांतपणे ‘पुन्हा’ म्हणत होत्या. सातव्या की आठव्या ‘पुन्हा’नंतर मुलीने विचारले, ‘ताई, मी पाणी पिऊन येऊ?’ आणि गाणे थांबले.

मी आडवी झाले होते ती उठून बसले, कारण त्या बंदिशीतला ‘पिया’ आणि पाण्याचा पेला यांची गाठ माझ्या डोक्यात पन्नास वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

माझे बालपण मिरजेत गेले. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमचे गुरुजी राहत. गल्लीत पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असत, आणि ज्यांची भाजी होत नाही असे भोपळे लोक विकत तरी का घेतात, हे मला पहिले काही महिने कळले नव्हते. गुरुजींच्या खोलीत तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात उभा असे. तो माझ्यापेक्षा उंच होता, म्हणून आम्हा लहान मुलांसाठी सूरपेटी होती, आणि तिचा भाता ओढण्याचे काम पाळीपाळीने येई. तिथे मी नवव्या वर्षी हीच बंदिश शिकले. गुरुजींनी स्वर सांगितले, ताल सांगितला, तिसऱ्या मात्रेवर श्वास घेऊ नकोस हेही सांगितले. अर्थ सांगितला नाही. सांगायची पद्धतच नव्हती. तो मी माझा लावला. एरी नावाची कोणी मुलगी आली. घरात कोणी तिला काही विचारले नाही, त्यामुळे ती काही पिया-बिन, म्हणजे प्यायल्याबिना, परत गेली. ‘परत’ हा शब्द तर बंदिशीत ढळढळीत होता. ‘आली’ म्हणजे सखी आणि ‘कल’ म्हणजे चैन, हे कळायला मला कॉलेजात जावे लागले. तोपर्यंत त्या बिचाऱ्या एरीला पाणीसुद्धा न विचारणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग होता, आणि तो राग मी यमनात ओतत असे.

प्रवेशिकेच्या परीक्षेला बाहेरगावचे एक वृद्ध परीक्षक आले होते. स्थायी झाल्यावर त्यांनी विचारले, ‘बाळ, काय म्हटलेस त्याचा अर्थ ठाऊक आहे का?’ मी ठामपणे सांगितले, ‘एरी आली आणि काही न पिता परत गेली.’ ते चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, क्षणभर खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, ‘बरोबर. परतच गेली. अंतरा म्हण.’

अंतऱ्यात पिया परदेशी गेलेला आहे आणि ती रात्रभर तारे मोजते आहे. ‘तारे गिन गिन’ एवढे मात्र मला पक्के समजले होते. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे गच्चीवर झोपत असू आणि झोप लागेपर्यंत तारेच मोजत असू. माझी मजल कधी दोनशेच्या पुढे गेली नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे, लहान मुलांनी मोठ्यांची गाणी गाऊ नयेत, या मताची मी गेली कित्येक वर्षे उघड पुरस्कर्ती आहे. 2008-09मध्ये झी मराठीवर लिटिल चॅम्प्सने घराघरांत ठाण मांडले होते, रात्रीची जेवणे त्या वेळेप्रमाणे पुढेमागे होत होती आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले होते. त्या दिवसांतही मी पेढा खाता खाता, ‘गातात छान, पण या वयात हे शब्द?’ असे म्हणून दोन-तीन घरांतला आनंद थोडा थोडा कमी करून आले होते. ‘वयाच्या मानाने’ हा शब्दप्रयोग मला आजही सहन होत नाही. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, असते; वय नसते. मूल सुरात असेल तर सुरात आहे म्हणावे, नसेल तर गप्प बसावे.

पण मराठी माणसाला या बाबतीत फारसे बोलायला तोंड नाही. आपल्या संगीताची थोर नावे तरी पाहा : बालगंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व. बाल, छोटा आणि कुमार. एखाद्या घरातल्या मुलांना हाका माराव्यात तशी ही नावे आहेत, तिन्ही लहानपणी चिकटली आणि म्हातारपणीही सुटली नाहीत. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. ते 1967 साली एकोणऐंशीव्या वर्षी गेले तेव्हाही ‘बाल’च होते. त्यांनी किर्लोस्कर मंडळीतून 1905 साली आमच्या मिरजेतच शकुंतला उभी केली. वय सतरा, म्हणजे निदान वय तरी शकुंतलेला शोभणारे. बाकी काहीच जुळत नव्हते. पुढे 1911च्या ‘मानापमाना’त भामिनीचा मदन आणि भामिनीचा नाथ यांच्याविषयी त्यांनी जे गायले, ते ऐकताना गाणाऱ्याचे वय किंवा धोतर आठवून अडखळलेला प्रेक्षक महाराष्ट्रात जन्मला नसावा. सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा तर बालमोहन नाटक मंडळीत वाढला, जिथे मोठ्यांची नाटके मुलेच करत. मिशा चिकटवलेल्या त्या मुलांना हे तुमच्या वयाला शोभत नाही म्हणून कोणी घरी पाठवले असते, तर आपल्याला छोटा गंधर्व मिळाले नसते.

आणि गंधर्वांचे सोडा. वयाची कसोटी लावायचीच ठरवली तर आपल्याला थेट आळंदीला जाऊन विचारावे लागेल. ज्ञानेश्वरी 1290 साली सांगून झाली तेव्हा सांगणारा पंधरा-सोळा वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी ज्याने समाधी घेतली, त्या संन्याशाच्या मुलाने ‘घनु वाजे घुणघुणा’सारखी विराणी कोणत्या अनुभवातून लिहिली, हे विचारायची छाती कोणाची आहे? माझी नाही.

मग माझी तक्रार नक्की कशाविषयी होती, याचा विचार करत मी त्या उकाड्यात बसून राहिले, आणि मला आमच्या सोसायटीच्या गणपतीतली एक संध्याकाळ आठवली. विविध गुणदर्शनात आठ वर्षांच्या एका मुलीने लावणी म्हटली. नऊवारी शिवून घेतलेली, अंबाड्यावर खरा गजरा, आणि पहिल्या रांगेत बसून आई प्रत्येक शब्द ओठांनी आधी म्हणते आहे. मुलगी सुरात होती. ठेका तर तिच्या हाडात होता. एका ओळीवर तिला डोळा मारायला शिकवलेले होते. तिला एक डोळा मिटता येत नव्हता, म्हणून तिने दोन्ही घट्ट मिटले, जीभ किंचित बाहेर आली, आणि सारा मंडप हसून टाळ्या वाजवू लागला. मीही हसले. पण तिने डोळे उघडले तेव्हा तिला हसण्याचे कारण कळलेले नव्हते, आणि ती पुढचे कडवे विसरली.

लावणीचे शब्द तिच्या अंगाला लागलेच नव्हते; माझ्या एरीसारखाच तिनेही स्वतःपुरता काहीतरी अर्थ लावला असेल. लागला होता तो शिकवलेला डोळा. हल्ली याला ‘एक्स्प्रेशन’ म्हणतात. छातीवर हात, विरहाला भुवया वर, ‘सजन’ म्हणताना मान डावीकडे. शब्द मूल आपल्या मापाचे करून घेते, हे माप मात्र बाहेरून शिवून येते. मुलांसाठी म्हणून मुद्दाम जी गाणी लिहितात, त्यांतली पुष्कळशी पन्नाशीच्या माणसांनी बोबडे बोलून लिहिलेली असतात आणि नऊ वर्षांच्या मुलाला ती म्हणायची लाज वाटते, हेही कोणीतरी एकदा सांगायला हवे.

कुमार गंधर्वांचे मला यासाठीच नवल वाटते. सुळेभावीचा तो शिवपुत्र लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून अब्दुल करीम खाँसारख्या बुजुर्गांचे गाणे जसेच्या तसे गाऊन दाखवत असे. लोक थक्क होत, बक्षिसे देत. मग तो मुंबईला देवधर मास्तरांकडे गेला आणि शिकायला बसला. पुढे ऐन विशीत क्षयाने त्यांचे गाणे काही वर्षे बंद पाडले, देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते कानावर पडत राहिली, आणि नंतर जो आवाज उठला त्याला कोणाच्याही ध्वनिमुद्रिकेत मूळ सापडत नाही. लहानपणी इतके कौतुक झालेल्या माणसाने ते सगळे खाली ठेवून नव्याने गायला लागावे, याला काय म्हणावे मला कळत नाही.

ते सगळ्यांना जमत नाही. आमच्या वर्गात तेरा वर्षांचा एक दादा होता. तो नाट्यपदे अशी म्हणे की रस्त्याने जाणारी माणसे सायकलवरून उतरून दारात उभी राहत. दर्ग्यातल्या उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावायला येत, त्या वर्षी त्यालाही पाच मिनिटे बसवायचे असे ठरत होते. त्याआधीच त्याचा आवाज फुटला. गुरुजी म्हणाले, वर्षभर गायचे नाही, नुसते ऐकायचे. वर्षभर तो आमच्यात येऊन बसे आणि मांडीवर ताल धरे. मग आवाज आला, पण तो कोणा भलत्याच माणसाचा होता. मागे मिरजेला गेले होते तेव्हा त्याच्या दुकानात गेले. गाण्याचे काय, असे विचारल्यावर त्याने बरणीचे झाकण लावता लावता सांगितले, ‘लहानपणी गायचो.’

इतक्यात वीज आली, पंखा फिरू लागला आणि वरचा यमन पुन्हा त्याच्या घरघरीत बुडाला.

संध्याकाळी भाजी घेऊन येताना जिन्यात ती मुलगी भेटली. पाठीला दप्तर, हातात गाण्याची वही. मला राहवले नाही. म्हटले, ‘दुपारी तूच गात होतीस ना ग? त्यातली पिया कोण, माहीत आहे का?’

‘हो,’ ती म्हणाली, ‘आमच्या वर्गात आहे. माझ्याच बाकावर बसते. तिला ना काकू, सोमवारपासून ताप आहे.’

‘अगबाई. मग तुला करमत नसेल.’

तिने मान हलवली. तिच्या जागेवर दुसऱ्याच कोणाला तरी बसवले आहे, असे तिने सांगितले, आणि एकेक पायरी सोडत खाली उतरून गेली.