रेंज दिसता, पण गावना नाय

“मॅडम, तुम्ही परत अडकलात.”

त्रिकोणमितीच्या ऐन मध्यावर हे वाक्य तिसऱ्यांदा आलं, तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि गाडीतून खाली उतरले. मालवणजवळच्या तोंडवळीचं सुरूचं बन, पलीकडे समुद्र, फोनवर रेंजच्या चारही काड्या. आणि पुण्यात दहावीची अकरा मुलं माझ्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत बसलेली.

आम्ही दोघांनी जुनी टेंपो ट्रॅव्हलर आतून घरासारखी करून घेतली आहे. ओटा, पलंग, छतावर सोलर. पावसाळा संपल्यावर अलिबागजवळच्या रेवसहून निघालो आणि फेरीबोटींनी खाड्या ओलांडत गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीच्या दिशेने सरकत होतो. नवऱ्याचं काम मेलवर भागतं. माझे मात्र संध्याकाळी 6 ते 8 गणिताचे ऑनलाइन क्लास असतात. त्यामुळे नेट शोधणं हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

त्या दिवशी नाक्यावरच्या दुकानदाराने एका वाक्यात निदान केलं होतं. “ताई, हय रेंज दिसता, पण गावना नाय. काम असात तर सड्यार जावा.” म्हणजे रेंज दिसते, पण हाती लागत नाही; काम असेल तर वर सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, जा. मला ते तेव्हा पटलं नाही. काड्या चार आहेत म्हणजे नेट असणारच, असं माझं शहरी गणित. पण काड्या सांगतात टॉवर किती जोरात ऐकू येतोय ते. त्याच्यापुढे किती लोक रांगेत आहेत ते सांगत नाहीत. सकाळी अकराला मी तिथेच स्पीड तपासून खूश झाले होते. संध्याकाळी सहाला अख्खं गाव, शिवाय शनिवार-रविवारचे पर्यटक, त्याच एका टॉवरवर. वर मी बघत होते डाउनलोड. शिकवणाऱ्याचा चेहरा जातो अपलोडवरून, आणि ते 0.3 एमबीपीएसवर होतं.

तेव्हापासून मुक्काम ठरवायच्या आदल्या दिवशी, क्लासच्या वेळेलाच, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर अपलोड तपासते. मगच स्टोव्ह पेटवायचा. रोज 2 जीबीच्या प्लॅनचाही एकदा फटका बसला. क्लास संपायला वीस मिनिटं असताना कोटा संपला आणि स्पीड 64 केबीपीएसवर आला. त्यात फळ्याचा फोटोसुद्धा जात नाही.

कोकणातली अडचण मुळात जमिनीची आहे. घरं आणि आगरं खाली, टॉवर वर सड्यावर नाहीतर हमरस्त्याला, आणि मधे जांभ्याची कड. समुद्राला लागून गाडी लावली की नजारा पुढे आणि टॉवर डोंगराच्या पाठीमागे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कणकवली तालुक्यातली एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून शिकत होती, ती बातमी तेव्हा मी कौतुकाने वाचली होती. आता तिचं दुखणंही कळलं.

त्यात आमची गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. आत फोनवर सिग्नल उणे 112, दार उघडून बाहेर आलं की उणे 100. (हा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सापडतो. काड्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा. उणे 85 च्या आसपास झकास, 110 च्या पलीकडे देवाच्या भरवशावर.) म्हणून सिम घालायचा राउटर आणि बाहेर लावायचा अँटेना घ्यायचा ठरवला.

एका दुकानात मला आधी बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवून परत फेकणारं यंत्र, दाखवला. “मॅडम, पूर्ण रेंज.” असा बूस्टर खाजगी माणसाने परवान्याशिवाय लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तो टॉवरवर गोंगाट करून आसपासच्या सगळ्यांचे फोन बिघडवतो. ज्या गावात पाहुणी म्हणून राहायचं त्याच गावाची रेंज घालवायची? अँटेनाचं तसं नाही. तो नुसता कान मोठा करतो.

अँटेना आला आणि फरक शून्य. दोन दिवस मी त्याला शिव्या दिल्या. चूक केबलची निघाली. खांबापासून ओट्यापर्यंत मी 10 मीटर पातळ केबल ओढली होती, आणि अँटेनाने वर कमावलेलं ती वाटेतच खात होती. मग राउटरच एका प्लास्टिकच्या डब्यात घालून खांबाला अँटेनाशेजारी बांधला. अँटेनाची केबल राहिली हातभर, खाली आली ती साधी नेटवर्कची वायर, आणि वीजही त्याच वायरीतून वर. सोलरवर चार्ज होताना बॅटरी 14 व्होल्टच्या वर जाते, म्हणून मधे स्थिर 12 व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर टाकला.

तरी जागा हवीच. ती मिळाली देवगडजवळ सड्यावर, एका काकांच्या हापूसच्या बागेत. काकांनी दोन अटी घातल्या. चूल पेटवायची नाही, आणि मोहोरावर फवारणी असेल त्या दिवशी गाडी हलवायची. मी खांब घेऊन तासभर बागेत फिरत होते. बागेचा नेपाळी राखणदार ते बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. “दीदी, इधर नहीं, उधर.” त्याने गडग्यावरचा, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरचा, काजूच्या झाडाखालचा एक दगड दाखवला. दगडाचा वरचा भाग बसून बसून गुळगुळीत झालेला, बाजूला विड्यांची थोटकं. रोज संध्याकाळी तिथून तो घरी व्हिडिओ कॉल करायचा. आकडा बघितला, उणे 89.

तिथून सरळ खाडी दिसते, आणि टॉवर खाडीच्या पलीकडे. मधे नुसतं पाणी, आड काही नाही. आमच्याच बाजूचा टॉवर अंतराने जवळ, पण डोंगराआड. राउटर दर पाच मिनिटांनी एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत होता, त्या उडीला क्लास तुटायचा. राउटरमध्ये बँड, म्हणजे कोणत्या लहरींवर टॉवरशी बोलायचं ते, ठरवून देता येतो. 850 आणि 900 मेगाहर्ट्झ लांब पोचतात, पण तिथे जागा अरुंद आणि गर्दी फार. टॉवर समोर दिसत असल्याने 1800 धरून ठेवला. संध्याकाळी सहाला अपलोड 4 एमबीपीएस. त्या दिवशी मुलांना मी विनाकारण पाढे म्हणायला लावले.

कटकटी संपल्या असं नाही. तीन आठवड्यांनी आकडा हळूहळू घसरायला लागला. खांब उतरवून बघितलं तर अँटेनाच्या पिनेवर हिरवट थर, खाऱ्या वाऱ्याची कृपा. पीन घासली, वरून रबरी टेप गुंडाळला, आता दर पंधरवड्याला बघते. गावात लाईट गेली की टॉवर बॅटरीवर दोन-तीन तास तगतो, मग तोही झोपतो. म्हणून दुसऱ्या सिमचा टॉवर मी मुद्दाम वेगळ्या गावचा शोधून ठेवला आहे. आणि आभाळात गडगडलं की क्लास असो वा नसो, खांब आधी खाली. सड्यावर सगळ्यात उंच वस्तू आपलीच असते.

एक गोष्ट मात्र अवघड झाली. दगड माझा नव्हता, आणि सहा ते आठ ही राखणदाराच्या पोरांचीही वेळ. पहिले चार दिवस तो बिचारा बागेच्या दुसऱ्या टोकाला हात वर करून उभा राहायचा. मग मी त्याच्या फोनमध्ये आमच्या वायफायचा पासवर्ड घालून दिला. आता क्लास चालू असताना मागून नेपाळीत हसणं ऐकू येतं, आणि पुण्यातली मुलं विचारतात, “मॅडम, ते काका आज काय सांगतायत?”