स्क्रू बसला, मग दात कधी?

"मॅडम, स्क्रू तर आजच बसवलात. मग दातासाठी चार महिने कशाला?" सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कुणाच्या घरी मुंज असते, कुणाची मुलगी अमेरिकेहून यायची असते. घाई मला कळते. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब. तो पडलेल्या दाताच्या मुळाची जागा घेतो. त्याच्यावर एक जोडतुकडा आणि त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात. शेजारचे दोन चांगले दात घासून ब्रिज, म्हणजे त्यांच्या आधाराने मधला दात, करण्यापेक्षा मला हा मार्ग आवडतो, कारण त्यात धडधाकट दातांना हात लावावा लागत नाही.

स्क्रू मी बसवते, पण तो धरून ठेवतं तुमचं हाड. हिरडी बधिर करून हाडात आधी बारीक भोक पाडायचं आणि ते टप्प्याटप्प्याने रुंद करत न्यायचं. वर सलाईनची गार धार सतत चालू ठेवावी लागते, कारण हाड मिनिटभर ४७ अंशांच्या वर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात. मग स्क्रू घट्ट आवळला जातो. ही पहिली पकड भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी, नुसत्या दाबाची.

पुढच्या दिवसांत स्क्रूभोवतीचं चेपलेलं जुनं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं, आणि नवं हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमकुवत असते. नेमके तेव्हाच टाके निघालेले असतात, सूज उतरलेली असते, दुखत काहीच नसतं. माणसाला वाटतं, झालं की सगळं.

पुढे नवं हाड स्क्रूला घट्ट चिकटतं, तीच खरी पकड. हाड टायटॅनियमला असं चिकटतं हे स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात दिसलं. प्रयोगासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर हाडातून निघेचना. माणसाच्या तोंडात त्यांनी इम्प्लांट बसवले ते १९६५ साली. म्हणजे मधे तेरा वर्षं गेली. खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा, आणि तोवर स्क्रू हिरडीखाली झाकलेला, ही त्यांची शिस्त होती. वरच्या जबड्याचं हाड मऊ, भुसभुशीत असतं, म्हणून तिथे जास्त वेळ.

आता काही वेळा लगेच दात देता येतो, हे खरं आहे. विशेषतः समोरचा दात असेल आणि पकड उत्तम मिळाली असेल, तर तात्पुरता दात देतो. पण तोही चावताना दुसऱ्या जबड्यातल्या दातांना टेकणार नाही असा आखूड ठेवून. दाढेचं तसं नसतं. दाढेवर जोर येतोच.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एकदा चुकले. मंडईजवळ राहणारे एक काका, खालची दाढ, हाड छान. घरी लग्न होतं, त्यांनी फार आग्रह केला आणि मी तिसऱ्याच आठवड्यात कॅप बसवली. सहाव्या आठवड्यात ते आले. "दुखत नाही मॅडम, पण हलतंय." मी दोन बोटांत धरलं आणि स्क्रूसकट सगळं हातात आलं. रक्त जेमतेम थेंबभर. काका म्हणाले, "माझंच चुकलं, भाकरी खाल्ली." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नाही म्हणायचं काम माझं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जागा साफ केली, हाड भरून येऊ दिलं, पुन्हा स्क्रू बसवला, आणि या वेळी पूर्ण चार महिने थांबलो. त्या काळात काका दुसऱ्या बाजूने जेवले. साखर तपासत राहिले, कारण मधुमेह आटोक्यात नसला तर हाड भरायला वेळ लागतो. मिश्री तर त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली. तंबाखूने तिथला रक्तपुरवठा कमी होतो. मी प्रत्येकाला सांगते, पण ऐकणारे थोडे.

चौथ्या महिन्यात त्यांना खुर्चीवर बसवलं, वरचं झाकण काढलं आणि आरशाच्या स्टीलच्या दांड्याने स्क्रूवर हलकेच टकटक केलं. न धरलेला स्क्रू बद्द वाजतो. हा टण् वाजला, बारीक आणि स्वच्छ.

"ऐकू आलं," काका म्हणाले.

त्याच दिवशी कॅपचं माप घेतलं.