गाडी धडधाकट, कागद मेले

आमच्या तालुक्याच्या गावी एका सरकारी हापिसामागं कडुनिंबाखाली महिंद्राची कमांडर उभी होती, पांढरी, बोनेटवर खात्याचं नाव अर्धं पुसलेलं, ती मागच्या हिवाळ्यात क्रेननं उचलून ट्रकवर टाकून नेली. भंगारात. आता तुम्ही म्हणाल एक जुनी जीप गेली तर कोणतं आभाळ कोसळलं, तर नाहीच कोसळलं, पण ज्यानं ती गाडी जवळून पाह्यली त्याच्या पोटात नक्की कालवलं असंल.

मी पाह्यली होती. तिथला ड्रायव्हर ओळखीचा, रिटायर व्हायला आलेला माणूस. त्यानं बोनेट उघडून दाखवलं तर आत काय, साधं डीआय म्हणजे जुन्या धाटणीचं डिझेल इंजिन, डिझेल पंप, एअर क्लीनर, रेडिएटर, अन् बाकी मोकळी जागा, पान्हा घेऊन माणूस अर्धा आत वाकला तरी कोपर कुठं अडत नाही. डिपस्टिक काढली तर ऑइल काळंकुट्ट पण लेव्हल बरोबर. चेसिसखाली वाकून पाह्यलं, सडलेला एक भाग नाही, कारण आपल्या विदर्भात समुद्राची खारी हवा नाही, पत्रा लवकर खात नाही, उन्हानं रंग उडते अन् रबर तडकते, बस तेवढंच. ड्रायव्हर म्हणे, "बॅटरी आणून लावा भाऊ, एका सेल्फात चालू नाई झाली तर माह्यं नाव बदलून टाकजा."

पण बॅटरी लावून उपयोग काय होता, गाडीले पंधरा वर्षं झालती ना. 1 एप्रिल 2023 पासून नियमच हाय की केंद्राची असो की राज्याची, सरकारी गाडी 15 वर्षांची झाली की तिचं रजिस्ट्रेशन पुढं वाढत नाही, ती सरळ नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरले द्यायची. गडकरी साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं की अशा 9 लाखांच्या वर गाड्या हायेत देशात. 9 लाख! त्यातल्या किती खटारा अन् किती ह्या कमांडरसारख्या, हे कोणी पाह्यलं? पाह्याची गरजच नाही, आरसीवरची, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कागदावरची, तारीख पाह्यली की झालं.

अन् आधी असं नव्हतं बरं का. आधी सरकारी गाडी निकामी ठरवली की पेपरात लिलावाची नोटीस यायची, अनामत भरायची, बोली लावायची, अन् ज्याची बोली वर त्याची गाडी. आमच्या आजूबाजूच्या गावांत ज्या जीपा दिसतात त्यातल्या कितीतरी अशाच आलेल्या हायेत, कोणाची कृषी खात्याची, कोणाची आरोग्याची, कोणाची वनखात्याची जिप्सी. शेतकरी माणूस घ्यायचा, मिस्तरीकडं टाकायचा, अन् मग तिच्यात तुरीची पोती, फवारणीचे पंप, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचा पेशंट, जे म्हणाल ते. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं जिथं नवीन कार पोटावर टेकते तिथं ही फोर बाय फोर बिनदिक्कत जायची. आता लिलाव होते, नाही असं नाही, पण बोली फक्त स्क्रॅपवाल्यालेच लावता येते. तुम्ही आम्ही कंपाउंडच्या बाहेरून पाह्याचं.

असो. सरकारी गाडी सरकारची, तिचं काय करायचं ते सरकार ठरवंल. पण खाजगी गाड्यांचं जे चालू हाय त्यानं माझं डोकं जास्त फिरते, कारण तिथं कायद्यानं मारलंच नाही अन् तरी गाड्या मरून राह्यल्या.

हे मुद्दाम लिहून राह्यलो, कारण गावात सगळ्यांचा समज उलटाच हाय. जुन्या गाड्या भंगारात काढायची स्क्रॅप पॉलिसी 13 ऑगस्ट 2021 ले सुरू झाली, तिच्या नावातच 'व्हॉलंटरी' हाय, म्हणजे मर्जीची. तुमची स्वतःची कार 15 वर्षांची झाली, 20 वर्षांची झाली, फिटनेसमध्ये पास होत असंल अन् रजिस्ट्रेशन रिन्यू केलं असंल तर आपल्याकडं कोणी ती ओढून नेत नाही. 10 वर्षं डिझेल अन् 15 वर्षं पेट्रोल हा जो प्रकार हाय तो दिल्ली अन् तिच्या आजूबाजूच्या पट्ट्याचा, म्हणजे एनसीआरचा, 2015 ले हरित लवादानं आदेश दिला, 2018 ले सुप्रीम कोर्टानं त्याच्यावर शिक्का मारला, अन् 2025 ले तर तिथं पंपावर जुन्या गाडीले पेट्रोलच द्यायचं नाही असा नियम आला अन् दोन-तीन दिवसांत मागंही घ्यावा लागला. पण टीव्हीवर बातमी दिल्लीची चालते अन् गाडी विकते आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्याचा माणूस! व्हॉट्सॲपवर फिरते की "15 साल पुरानी गाडी जप्त होगी", मग दलाल येते, ओट्यावर बसते, चहा पिते अन् म्हणते काका आता मिळून राह्यले तेवढे घ्या, पुढच्या वर्षी कोणी फुकट नाई नेणार.

आमच्या गावच्या गुरुजींची पद्मिनी अशीच गेली. 1988 चं मॉडेल, क्रीम कलर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, सकाळी चोकची खुंटी ओढायची, दोनदा ॲक्सिलेटर दाबायचा अन् मग सेल्फ मारायचा, हे गुरुजींनी आम्हा सगळ्या पोट्ट्यांना शिकवलेलं. चोक लगेच आत ढकलला की बंद पडायची, त्याचा एक अंदाज होता, थंडीत किती वेळ ठेवायचा अन् उन्हाळ्यात किती, तो अंदाज फक्त गुरुजींच्या हाताले होता. सीटवर टर्किश टॉवेल अंथरलेला. डॅशबोर्डवर गजानन महाराज. गाडी चालायची किती, तर बाजाराच्या दिवशी, लग्नकार्याले, अन् वर्षातून एकदा शेगाव.

आता हिशोब पाहा. गुरुजींची आरसी 2023 च्या मध्यात संपली, तब्येतीच्या भानगडीत रिन्यू करायची राहून गेली. पूर्वी कार रिन्यू करायची फी 600 रुपये होती, ती एप्रिल 2022 पासून 5,000 झाली, अन् ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारले 10,000 केली. शिवाय उशीर झाला तर दर महिन्याले 500 रुपये लेट फी. अडीच वर्षांचे झाले 15,000. म्हणजे 25,000 इथंच झाले, वर ग्रीन टॅक्स म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स, अन् यवतमाळले आरटीओत गाडी घेऊन जायचं ते वेगळंच, आरसी संपलेली गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे त्यात रस्त्यात कोणी अडवलं तर अजून पावती. दलालानं दिले 22,000. आता सांगा साधा पेन्शनवाला माणूस काय करंल?

मी नंतर गेलो तेव्हा म्हटलं, "गुरुजी, मले एक फोन तरी करायचा होता ना."

"अरे बापू," म्हणे, "गाडीनं कधी दगा नाही दिला. पण पोरगा पुण्याले, तो म्हणते बाबा हे लफडं आता ठेवू नका. त्याचंही बरोबर हाय."

काय बोलता याच्यावर. पोराचंही बरोबर, दलालाचाही धंदा, आरटीओतला क्लार्क तर नियमाकडं बोट दाखवते. फक्त गाडीची बाजू मांडायले कोणी नाही. ह्याच पद्मिनीचे शौकीन माणूस कितीतरी पट पैसे मोजते, पण शौकीन मुंबईले अन् पद्मिनी दारव्ह्याकडच्या गोठ्यात, मधात फक्त दलाल!

वरून नवीन गाडी घ्या म्हणून आमिष हायेच. जुनी गाडी स्क्रॅपले दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळते, ते दाखवलं की रजिस्ट्रेशन फी माफ, रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमाप्रमाणं खाजगी गाडीले 25 टक्क्यांपर्यंत सूट, कंपन्यांनी 5 टक्के सूट द्यावी असा सल्ला, अन् भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूमच्या 4 ते 6 टक्के. म्हणजे सहा लाखाच्या गाडीवर 24 ते 36 हजार. कागदावर ठीक हाय. पण ज्याले सहा लाखाची गाडी घ्यायचीच नाही, ज्याच्या सोयाबीनचे पैसे अजून व्यापाऱ्याकडं अडकले हायेत, त्याले त्या सर्टिफिकेटचं काय लोणचं घालायचं?

प्रदूषणाचा मुद्दा मले मान्य हाय, उगाच नाही म्हणत नाही. काळा धूर सोडत जाणारा, ब्रेक लागता लागता पुढच्या गावात पोचणारा ट्रक रस्त्यावर नकोच. आमच्याकडच्या काळीपिवळ्या, म्हणजे प्रवासी जीपा, पाहा, आत चौदा, मागं लटकलेले चार, टायर गुळगुळीत, त्यातल्या ज्या निकामी झाल्या त्या खुशाल न्या. पण वर्षाकाठी हजार किलोमीटर चालणारी गुरुजींची पद्मिनी अन् रोज तीनशे किलोमीटर पळणारा डिझेल ट्रक यांना एकाच मापानं मोजायचं का? धूर किती सोडते ते गुणिले चालते किती, असा हिशोब पाहिजे ना. अन् नवीन कार काही झाडाले लागत नाही, तिचं पोलाद, प्लास्टिक, रंग, हे सगळं बनवायले कोळसा जळतेच, अन् आपल्या चंद्रपूरच्या माणसाले कोळसा जळणं म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. धडधाकट गाडी अजून दहा वर्षं वापरणं हेसुद्धा पर्यावरणाचंच काम हाय, पण त्याले कोणी सर्टिफिकेट देत नाही.

बरं, जुन्या गाड्यांसाठी सरकारनं काही केलंच नाही असंही नाही. 2021 च्याच जुलैत विंटेज गाड्यांचे नियम आले, नंबरात 'व्हीए' येते, फी 20,000, रोज चालवता येत नाही, रॅली नाहीतर प्रदर्शनाले नेता येते. चांगलं हाय. पण अट काय, तर गाडी 50 वर्षांच्या वरची पाहिजे. म्हणजे 20 वर्षांनंतर गाडी म्हातारी म्हणून दुप्पट फी, अन् मान मिळायले 50 वर्षं. मधली तीस वर्षं तिनं काढायची कशी? मारुती 800 ची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, ती विंटेज होणार 2033 ले. टाटा सिएरा 1991 ची, म्हणजे 2041. सुमो 1994 ची, 2044. तोपर्यंत शिल्लक राहतील का ह्या? संग्रहवाल्यांच्या एसी गॅरेजात राहतील दोन-चार, पण आपल्या लाल मातीच्या रस्त्यावर, कॅरिअरवर खाट बांधून जाणारी सुमो दिसणार नाही.

अन् गंमत अशी की 2025 च्या शेवटी टाटांनी सिएरा हेच नाव घेऊन नवीन गाडी आणली. जाहिरातीत लोकांच्या आठवणी जाग्या करायच्या, अन् जुनी खरी सिएरा, ती मागची मोठी गोल वळलेली काच असलेली, ती कोणाच्या वाड्यात उभी असंल तर तिच्या मालकाले दहा हजाराचा कागद दाखवायचा. थारचंही तेच. पोट्टे लोन काढून थार घेतात जीपसारखी दिसते म्हणून, अन् बापाची जीप किलोच्या भावानं जाते.

हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही बरं. अमेरिकेत मंदी होती तेव्हा 2009 ले अशीच स्कीम काढली होती, जुनी गाडी द्या नवीवर पैसे घ्या, पावणेसात लाखांच्या वर गाड्या गेल्या. तिथं तर इंजिन परत कोणी वापरू नये म्हणून ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे अन् इंजिन जाम होईस्तोवर चालू ठेवायचे. मी त्याचे व्हिडिओ पाह्यले हायेत, चांगल्या चालू गाडीचं इंजिन घरघरते, किंचाळते अन् बंद पडते. मिस्तरीले दाखवला तर त्यानं फोनच परत दिला, म्हणे, "हे काय पाह्याची गोष्ट हाये का भाऊ?" पण त्या स्कीममध्येही एक अक्कल होती, 25 वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतच नव्हते, म्हणजे जी क्लासिक होऊन राह्यली तिले हात लावायचा नाही. आपल्याले तेवढं तरी जमायले काय हरकत होती?

माझ्या डोक्यात सरळ हाय. 25 वर्षांवरची, पण कमी चालणारी, फिटनेसमध्ये पास होणारी खाजगी गाडी असंल तर तिची फी जुनीच ठेवा, पाहिजे तर वर्षाचे किलोमीटर बांधून द्या. सरकारी गाड्यांचा लिलाव स्क्रॅपवाल्याच्या आधी एकदा साध्या माणसाले करू द्या, मशीनवर तपासा, फेल झाली तर खुशाल तोडा. अन् तोडायचीच असंल तर पार्ट तरी जपून काढा, कारण स्क्रॅप सेंटरले गेलेली गाडी म्हणजे पार्टची खाण असते, कार्बोरेटर, हेडलाइटची रिंग, दरवाज्याचं हँडल, विंडशील्डचं रबर, ह्यातलं एकही आता दुकानात मिळत नाही अन् मिळालं तर डुप्लिकेट. त्यात पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलवालं, जुन्या गाडीचे रबरी पाइप अन् वॉशर त्यानं लवकर फुगतात, म्हणजे पार्टची गरज उलट वाढलीच.

तोपर्यंत आपल्या हातात जे हाय ते करू. ज्याच्याकडं जुनी गाडी असंल त्यानं आज घरी जाऊन आरसीची तारीख पाहा. संपायच्या आधी 60 दिवसांपासून फॉर्म 25 भरता येते, वेळेत भरला तर लेट फीचा प्रश्नच येत नाही, अन् आमच्याकडं गाड्या मेल्या त्या जास्त करून ह्या लेट फीनंच. दलालाच्या हातचा चहा... म्हणजे आपलाच चहा, पण त्याच्या गोष्टी ऐकू नका. विकायचीच असंल तर आधी आम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांना विचारा, दलालापेक्षा चार पैसे जास्तच देऊ अन् गाडी चालती ठेवू.

सध्या दिग्रसकडच्या एका काकांची डिझेल ॲम्बेसेडर पासिंगले न्यायची हाय. काका तयार हायेत, इंजिन टकाटक, फक्त मागच्या डाव्या चाकाचं ब्रेक सिलिंडर गळून राह्यलं, अन् मिस्तरी म्हणते किट टाकून फायदा नाही, आतून खाल्लं हाय. कोणाकडं पडलं असंल तर सांगा, जुनं चालते, कंपनीचा डबा नसला तरी चालते, गंज चढला असंल तर आम्ही घासून घेऊ, पण गळकं नका पाठवू बाप्पा, ते आमच्याकडं हायेच.