लशीचा गोवर की गावातला?

साक्री तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. त्या मंगळवारी आशाताईंचा फोन आला. "दादा, लस दिलेल्या पोरीच्या अंगावर पुरळ उठलंय. आजी म्हणतेय, सुईनंच गोवर आणला. पुढच्या सत्राला कुणी फिरकायचं नाही बघा."

गेलो. दाराला कडुनिंबाची डहाळी, आत दहा महिन्यांची पोर, डोळे लाल, नाक वाहतंय. पुरळ कधी उठलं, याला घरातल्या तिघांची तीन उत्तरं. आमचं सगळं याच तारखेवर अडतं. रक्त २८ दिवसांपर्यंत चालतं, पण घशाचा स्वॅब पहिल्या पाच दिवसांत मिळाला तर विषाणू हाती लागण्याची आशा जास्त. मला एक युक्ती ठाऊक आहे, तारीख न विचारता सण विचारायचा. कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) बसली तो रविवार धरून मोजलं, तर पुरळ बरोब्बर दोन आठवड्यांनी, रविवारीच. म्हणजे आज तिसरा दिवस.

मोजता मोजता दुसरंच निघालं. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जेवणासाठी, सुरतहून भाऊबंद आले होते. त्यांच्या पोराला कानबाईच्या रात्रीच ताप भरला, बुधवारी अंगभर पुरळ. ते घर कधीच परत गेलेलं. आमच्या पोरीला लस मिळाली गुरुवारी. लागणीपासून पुरळ यायला साधारण १४ दिवस लागतात. लशीचं पुरळ आलंच तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास. इकडून चौदावा दिवस, तिकडून दहावा. दोन्ही हिशेब जुळत होते! रक्तातल्या आयजीएमलाही (नव्या लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं) लस आणि रोग वेगळे ओळखता येत नाहीत. उरला विषाणूचा जीन.

स्वॅब घेणं म्हणजे कुस्तीच. आईनं मांडीत घट्ट धरलं, मी जीभ दाबून घशाच्या मागच्या भिंतीवर काडी फिरवली, पोरीनं काडीच चावली. मग व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून नेणाऱ्या द्रावणाच्या, गुलाबी पाण्यात काडी बुडवून खाचेवर मोडली. झाकण दोनदा आवळलं, कारण मागच्या साली मी ते ढिलं ठेवलं होतं. बाटली गळली, त्याच पिशवीतला फॉर्म भिजला, शाई पसरली आणि नमुना "नाव वाचता येत नाही" म्हणून बाद झाला. आता फॉर्म वेगळ्या पिशवीत जातो, पेनही बॉलपेनच. पोरीला वयाप्रमाणे 'अ' जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस दिला, दुसरा दुसऱ्या दिवशी.

आजी व्हॅक्सिन कॅरिअरकडे बघत म्हणाली, "हाई काय शे, भाऊ?" म्हटलं, "माय, या डब्यातून समजेल, हा गोवर सुईचा की बाहेरचा."

गोवराच्या विषाणूच्या जनुकसंचात १५,८९४ अक्षरं असतात. त्यातली एन जीनच्या शेवटची ४५० वाचून जनुकीय प्रकार ठरवतात. यादीत प्रकार २४ आहेत, पण २०२१ पासून जगभरात बी३ आणि डी८ हे दोनच सापडताहेत. लशीतला विषाणू ए प्रकारातला, त्यामुळे लशीचं पुरळ लपून राहत नाही.

रिपोर्ट यायला कित्येक आठवडे गेले. तोवर दोन सत्रं जवळपास रिकामी गेली, आशाताईंनी घरोघरी बोलणी खाल्ली. त्यांच्या हातात तेव्हा दाखवायला कागद नव्हता, हे मला आजही खुपतं. अखेर आला: डी८. म्हणजे सुई सुटली. लस मिळेपर्यंत लागण होऊन चार दिवस झाले होते. ७२ तासांच्या आत मिळाली असती तर कदाचित वाचली असती.

कागद घेऊन मी त्याच दारात गेलो. डहाळी वाळून गेली होती, पोर अंगणात रांगत होती. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हाऊ सुरतना शे का?"

डी८ देशभर फिरतोय, आणि सुरतच्या पोराचा स्वॅब कुणी घेतलाच नव्हता. त्या ४५० अक्षरांत तिचं उत्तर नव्हतं. तसंच सांगितलं तिला.