राक्षसाच्या बाजूने

घरात जुना भयपट लागला की बाकीच्यांचा जीव नायिकेसाठी टांगणीला लागतो आणि माझा राक्षसासाठी. बहीण मला 'राक्षसांची वकील' म्हणते. म्हणू दे. माझ्याकडे पुरावा आहे, १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन'.

त्यात राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहतो. जॅक पिअर्सने केलेला मेकअपच तसा आहे. मी मात्र त्याचे हात बघते. प्रेतांचे तुकडे जोडून त्याला घडवणारा डॉक्टर छताचं झाकण सरकवतो, उजेड आत येतो. या जिवाने आयुष्यात पहिल्यांदाच उजेड पाहिलेला. तो मान वर करतो, हळूहळू उभा राहतो आणि दोन्ही हात उंचावतो, जणू उजेड मुठीत धरता येईल. डॉक्टर झाकण लावून टाकतो. ते हात तसेच पुढे येतात, काहीतरी मागत असल्यासारखे. तेवढ्यात नोकर फ्रिट्झ जळती मशाल घेऊन घुसतो, आणि पुढे तळघर, साखळ्या, चाबूक. फ्रिट्झचा जीव जातो तो यानंतर. यानंतर, हे महत्त्वाचं!

सिनेमावाल्यांनी मात्र एक पळवाट ठेवलीय. चांगल्या मेंदूची बरणी फ्रिट्झच्या हातून फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे दोष मेंदूचा, मिटलं प्रकरण. मला हे अजिबात पटत नाही. पडद्यावर जे घडताना दिसतं तेच या युक्तिवादाला खोटं पाडतं.

तळ्याकाठचा प्रसंग घ्या. छोटी मारिया त्याला न घाबरता हाताला धरून नेते, फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात, तो हसतो. फुलं संपतात. मग तो मारियालाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. ती वर येत नाही, तेव्हा घाबरून सैरावैरा पळतो. सेन्सॉरने नेमका हाच शेवट कापला होता. त्यामुळे कितीतरी वर्षं प्रेक्षकांना दिसायचं ते एवढंच: त्याचे मुलीकडे सरकणारे हात, आणि नंतर तिचं कलेवर घेऊन गावातून चालणारा बाप. मधलं ज्याने त्याने कल्पनेने भरायचं, आणि लोक काय भरणार ते उघड आहे. ते तुकडे १९८०च्या दशकात परत जोडले गेले. सेन्सॉरवाले बिचाऱ्याला सोज्वळ करायला निघाले आणि नराधम करून बसले.

१९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये त्याला एक मित्र मिळतो, आंधळा म्हातारा. व्हायोलिन वाजवणारा, पाव भरवणारा, शब्द शिकवणारा. ते सुख मोडतं दोन डोळस शिकाऱ्यांमुळे. दिग्दर्शक जेम्स व्हेलने इथे सूचकता वगैरे काही ठेवलेली नाही, थेट कानाखालीच दिलीय.

सगळ्यांची वकिली मी करत नाही हं. ड्रॅक्युलासाठी माझ्या डोळ्यात टिपूस नाही. वाडा आहे, पदवी आहे, समोरच्याला बोलण्यात गुंगवता येतं. तो जे करतो ते ठरवून करतो. किंगकाँगची गोष्ट वेगळी. त्याला गॅसबॉम्बने बेशुद्ध करून न्यूयॉर्कला आणला, साखळदंडांनी बांधून तिकिटं लावली, आणि मग तो बिथरला तर विमानं पाठवली. गोळ्या खाऊन कोसळण्याआधी तो नायिकेला, ॲनला, इमारतीच्या कडेवर नीट खाली ठेवतो, हे विसरू नका.

पण सगळ्यात जास्त त्रास होतो तो १९४१च्या 'द वुल्फ मॅन'चा. लॅरी टॅल्बट एका मुलीला लांडग्यापासून वाचवायला धावतो, आणि त्यातच चावा बसतो. आपण लांडगा होतोय, हे तो स्वतःच सांगत सुटतो. वडील शहाणे, शिकलेले. त्यांना वाटतं, पोराच्या मनाचे खेळ. ते त्याला खुर्चीला बांधतात आणि निघतात. तेव्हा लॅरीच त्यांना गळ घालतो, ती चांदीच्या मुठीची काठी सोबत न्याच. त्याच काठीने ते धुक्यात एका लांडग्याला ठेचून मारतात.

बहीणसुद्धा इथे गप्प बसते.